शिकाऊ सुतार आणि आपण

(दिल्लीतील मराठी रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या गटाकडे 'सुतारकामातील उमेदवारी' हा विषय आला तेव्हा सकाळी चहाच्या वेळीच दोघातिघांनी टोकले, की महागाई भत्ता, पेन्शन, खाजगीकरण हे सगळे सोडून आज सुतार कोठून काढला? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचे उत्तर देतो आणि मग विषयाकडे वळतो.

रेल्वेचा डबा एके काळी सुतारच बांधीत असे. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मुलाबाळांना घेऊन आपण सगळेच जाऊन आलो आहोत. १९७७ साली ते सुरू झाले. तेथे १८७५ चा प्रिन्स ऑफ वेल्सचा सलून उभा आहे, म्हैसूरच्या महाराजांचा सलून आहे. पाहणारे राजाचे नाव वाचतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. पुढच्या खेपेला जरा वाकून त्या डब्याचे सांधे पाहा. ते ज्यांनी जुळवले त्यांची नावे पाटीवर नाहीत. माटुंग्याचा कारखाना १९१५ साली उभा राहिला तेव्हा डब्याचे अंग लाकडाचेच असे, आणि सुतारांचा खाता हा कारखान्यातला मोठा खाता होता. १९५५ साली पेरांबूरला आय.सी.एफ. चा कारखाना सुरू झाला, डबे पोलादी झाले, आणि सुतार मागे सरकत सरकत फरशी, बाक आणि खिडक्यांपुरता उरला. तरीही रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातीत फिटर, वेल्डरच्या खाली 'कार्पेंटर' हा शब्द अजून दिसतो. डाकेच्या साथींनी तर आपल्या सॉर्टिंग केसपुढे आयुष्य उभे राहून काढले. ती खणाखणांची मांडणी सुताराचीच. मेल मोटर सर्व्हिसच्या कार्यशाळेत मेकॅनिक, लोहार, पेंटर यांच्याबरोबर सुताराचेही पद मंजूर असते, हे येथे बसलेल्या नारायणाच्या साथींना सांगायला नको.

नारायणाहून हाकेच्या अंतरावर, रिंग रेल्वेच्या त्याच रुळाला लागून कीर्तिनगर आहे. आमचा विषय तेथूनच सुरू होतो.

कीर्तिनगरची दर्शनी बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नात पलंग, कपाट घ्यायचे म्हणजे कीर्तिनगर किंवा पंचकुइयां रोड. काचेच्या दुकानांमागे लाकडाच्या वखारी आहेत, आरा मशिनी आहेत, आणि त्यांच्यामागे एका खोलीचे, दोन खोल्यांचे कारखाने. रुळाच्या कडेला जवाहर कॅम्पसारख्या झोपड्यांच्या वस्त्या आहेत. सुतारांपैकी पुष्कळजण तेथेच राहतात. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील रुळांलगतच्या सुमारे ४८,००० झोपड्या तीन महिन्यांत हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांच्याही दारावर ती टांगती तलवार आली. पुढे सरकारने निर्णय होईपर्यंत सक्तीची कारवाई करणार नाही असे न्यायालयात सांगितले. जमीन आपल्या खात्याची आणि झोपडी त्यांची, असा हा संबंध आहे. तो आपण नाकारून चालणार नाही.

येथे येणारा मुलगा बिजनौर, सहारनपूर, रामपूर या बाजूचा असतो, नाहीतर बिहारचा किंवा पूर्व उत्तर प्रदेशचा. घरी धंदा असेल तर तो विश्वकर्मा, धीमान किंवा जांगिड असतो. पश्चिम उत्तर प्रदेशातले मुसलमान सुतार-लोहार स्वतःला सैफी म्हणवतात. हे नाव त्यांनी १९७५ साली अमरोह्याला जमून ठरवून घेतले. पंजाबचा रामगढिया सुतार आता कामाला कमी, मालकीच्या जागी जास्त दिसतो. पण आता ज्यांच्या घरात कधी करवत नव्हती अशीही मुले फार येतात. आपल्याकडे बलुतेदारीत सुताराचा मुलगा बापाच्या पडवीतच शिकत असे. त्या शिक्षणाला ना आरंभाची तारीख होती ना शेवटची. शहरात मात्र तारीख असते. गावचा कोणी ओळखीचा माणूस मुलाला घेऊन येतो, उस्तादापुढे उभा करतो, आणि त्या दिवसापासून तो शागिर्द. करार तोंडी. खायला-राहायला मिळेल, 'काम शिकवीन', आणि पैशाचे 'पाहू नंतर'.

पहिले काही महिने मुलाच्या हातात हत्यार येत नाही. भुसा झाडायचा, चहा आणायचा, जुने खिळे सरळ करायचे, फळीचे दुसरे टोक धरायचे. रेगमाल घेऊन घासायचे, म्हणजे आपण ज्याला पॉलिश पेपर म्हणतो तो. घासणे तर इतके, की बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत होते. ही नुसती पिळवणूक आहे असे आम्हाला वाटत असे. कारागिरांशी बोलल्यावर त्यातला अर्धा भाग तरी शिक्षणाचा आहे हे कळले. घासताना मुलाला लाकडाची नस समजते. नसेच्या दिशेने हात गेला तर लाकूड रेशमासारखे होते, आडवा गेला तर ओरखडे उठतात आणि पॉलिश मारल्यावर ते सगळ्या गावाला दिसतात. उरलेला अर्धा भाग मात्र पिळवणुकीचाच, आणि कोणता अर्धा कोणता हे ठरवण्याचा अधिकार एकट्या उस्तादाचा. आमचे भांडण नेमके येथे आहे.

मग पटाशीला धार लावणे येते. पथरीवर तेल सोडून एकाच कोनात पाते फिरवायचे. कोन हलला की धार गेली. त्यानंतर करवत. नवशिक्या मुलगा रेघेवरच कापतो. उस्ताद टपली मारतो आणि सांगतो, रेघ लाकडावर राहिली पाहिजे, कापायचे ते टाकाऊ बाजूने. कारण करवतीच्या पात्यालाही जाडी असते, आणि तेवढे लाकूड भुशात जाते. रेघ खाल्ली की तुकडा आखूड पडतो, आणि आखूड लाकूड लांब करण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. रंधा त्यापुढचा. उलट्या नसेने रंधा मारला की लाकूड उचकटते. गुनियाने कोन पाहणे, खतकसाने काठाला समांतर रेघ ओढणे, हे सगळे जमले की मग सांधा.

सांध्यावर सुताराची परीक्षा असते. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याला त्यात बसणारी जीभ. आपल्याकडे त्या जिभेला कुसू म्हणतात, इकडे चूल म्हणतात आणि भोकाला साल. चूल सैल झाली तर दरवाजा लटकतो, घट्ट झाली तर ठोकताना चौकट फाटते. हाताच्या दाबाने निम्मी आत जावी आणि उरलेली मोगरीच्या दोन ठोक्यांत बसावी, इतकीच ती हवी. हे पुस्तकातून येत नाही. दिल्लीच्या हवेत तर त्याहून अवघड गोष्ट शिकावी लागते. मे-जूनच्या लूमध्ये लाकूड सुकून आक्रसते, श्रावण-भाद्रपदात पाणी पिऊन फुगते, आणि हे फुगणे-आक्रसणे लांबीत जवळजवळ नसते, रुंदीत असते. म्हणून दरवाजाच्या चौकटीतला मधला फळा खाचेत मोकळा ठेवतात, त्याला सरेस किंवा फेविकॉल लावत नाहीत. ज्या मुलाला कोणी हे सांगितले नाही तो नेटाने चारी बाजूंनी गोंद लावतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात फळा मधोमध चिरतो. गिऱ्हाईक म्हणते लाकूड वाईट होते.

इंग्रजीत चौकट-दरवाजा, फर्निचर करणाऱ्याचा धंदा वेगळा आणि बांधकामावर छप्पर, फळ्या ठोकणाऱ्याचा वेगळा समजतात. आपण दोघांनाही सुतारच म्हणतो. पण दिल्लीत ही फाळणी झालेलीच आहे. नोएडा, गुरुग्रामचे उंच मनोरे आणि मेट्रोचे खांब यांच्यासाठी हजारो मुले 'शटरिंग'वर जातात. त्यांनाही कार्पेंटरच म्हणतात, पण सांधा त्यांच्या आयुष्यात येत नाही. फळी, खिळा, आणि काँक्रीट आवळले की उखडणे. सकाळी लेबर चौकावर पिशवीतून करवतीची मूठ बाहेर काढून उभी असलेली माणसे आपण बसमधून पाहतो, त्यांतले किती खरे कारागीर आणि किती शटरिंगवाले हे ठेकेदार पिशवी पाहूनच ओळखतो म्हणतात. इकडे कारखान्यांतही प्लायवुड आणि दाबलेल्या भुशाचे तक्ते आले. मशीन तक्ता कापते, मशीन पट्टी चिकटवते, सांध्याच्या जागी स्क्रू येतो. अशा कारखान्यात मुलगा दोन-तीन महिन्यांत बिजागरी बसवायला शिकतो आणि दहा वर्षे बिजागरीच बसवतो. तरी त्याला 'शिकतोय' म्हणूनच पैसे कमी. काय शिकतोय, हे कोणी विचारत नाही.

मशीनबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोल करवतीच्या मशीनला पात्यावर आच्छादन असते, आणि पात्यामागे एक पातळ पोलादी जीभ असते, जी कापलेले लाकूड मिटून पात्याला आवळू देत नाही. लाकूड आवळले तर ते उलट फिरून छातीवर येते. छोट्या कारखान्यात ही दोन्ही काढून ठेवलेली असतात, कारण त्यांनी काम सावकाश होते. शेवटचा वीतभर तुकडा काठीने ढकलायचा असतो, तो बोटांनी ढकलला जातो. कारागिरांशी हात मिळवताना ज्याने त्याने मोजून पाहावे. भुशाचे तर कोणालाच काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातली. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्याचा नमुना. तोंडावर रुमाल बांधला की झाले, अशी समजूत आहे.

आता कायद्याकडे येऊ. येथे एक विचित्र गोष्ट आहे, आणि आजच्या भाषणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराची व्याख्या करताना कंसात शब्द घातले होते, 'शिकाऊ उमेदवार धरून'. म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्षी या देशाच्या कायद्याने शिकाऊ मुलाला कामगार मानले होते. चौदा वर्षांनी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. त्याच्या कलम १८ ने सांगितले, की या कायद्याखालील उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. पुढे भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा या दोन्ही कायद्यांच्या व्याख्येत शिकाऊ माणूस घेतला, पण '१९६१ च्या कायद्याखालचा सोडून'. २०१९ ची वेतन संहिता आणि २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतही तोच अपवाद आहे. संहितांविषयीचे आपले म्हणणे वेगळ्या व्याख्यानात झाले आहे, ते येथे पुन्हा मांडत नाही.

या वाक्यरचनेचा अर्थ नीट पाहा. ज्याचा रीतसर करार झाला आहे, तो नोंदला गेला आहे, तो उमेदवार कामगार नाही. ज्याचा असा करार झालेला नाही, तो मुलगा कायद्याच्या नजरेत कामगारच आहे, मग उस्ताद त्याला शागिर्द म्हणो, हेल्पर म्हणो की छोटू म्हणो. कीर्तिनगरच्या कारखान्यात भुसा झाडणारा, तक्ता धरणारा, घासाई करणारा मुलगा पहिल्या दिवसापासून किमान वेतनाला पात्र आहे. 'शिकतोय' हा शब्द उच्चारून मालक ते वेतन कमी करू शकत नाही. शिकण्याच्या नावाने पगार कापण्याची सवलत कायद्याने एकाच दाराने दिली आहे, आणि ते दार नोंदलेल्या कराराचे आहे.

हे मुलाला माहीत नाही. उस्तादाला माहीत असून नसल्यासारखे आहे. आणि खरे सांगायचे तर आपल्या संघटनांतही पुष्कळांना माहीत नाही.

वयाचीही अशीच एक फट आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलाला कामाला ठेवणे पूर्ण बंद झाले, पण घरच्या धंद्यात शाळेनंतर मदत करण्याची मुभा ठेवली. घरचा म्हणजे कोण? आईबाप, भाऊबहीण, आणि आईबापांचे भाऊ-बहीण. म्हणजे काका-मामाही आले. दिल्लीत प्रत्येक उस्ताद 'चाचा' असतो, हे आम्ही वेगळे सांगत नाही. धोक्याच्या कामात ही मुभा चालत नाही, आणि शाळेच्या वेळेत तर नाहीच. पण अकरा वाजता कारखान्यात जाऊन 'शाळा कोठे आहे' हे विचारणारा कोण?

सरकारने या मुलांसाठी काही केले नाही असे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, येथेच द्वारकेच्या यशोभूमीत प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा धंद्यांत सुतार आहे. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, पुढे स्वस्त व्याजाने कर्ज. चांगलेच आहे. पण ती स्वतःचा धंदा करणाऱ्या, अठरा वर्षांवरील कारागिरासाठी आहे. म्हणजे उस्तादाला हत्यारे मिळतील, शागिर्दाला मिळणार नाहीत.

मग रीतसर दाराने जावे तर काय होते? आयटीआयचा सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, प्रवेशाला आठवी पुरते. पण रेल्वेच्या बहुतेक जाहिरातींत आयटीआयबरोबर दहावी पन्नास टक्क्यांनी लागते, वय पंधरा ते चोवीस, आणि निवड गुणांच्या सरासरीवर. म्हणजे आठवीनंतर ज्याने करवत हातात घेतली तो येथेच गळला. जो आत येतो त्याला विद्यावेतन मिळते. २०१४ च्या नियमांत ते अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाशी बांधले होते: पहिल्या वर्षी सत्तर टक्के, मग ऐंशी, मग नव्वद. २०१९ साली ती गाठ सोडली आणि ठोक आकडे ठरवले, ५,००० पासून ९,००० पर्यंत. आयटीआय झालेल्याला ७,०००. सरकारने ही 'दुपटीची वाढ' म्हणून सांगितली. आता दिल्लीचा हिशेब करा. त्याच २०१९ साली दिल्लीत अर्धकुशल कामगाराचे किमान वेतन महिना १६,३४१ रुपये जाहीर झाले. त्याचे सत्तर टक्के म्हणजे ११,४०० च्या वर होतात. अकुशल माणसाचे किमान वेतन १४,८४२ होते. ज्याने वर्षभर शिकून प्रमाणपत्र घेतले त्याचा किमान आकडा न शिकलेल्याच्या निम्म्याहून कमी ठरला, आणि याला कौशल्य विकास म्हणायचे.

मालकांवर सक्ती आहे का? कागदावर आहे. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनाने आपल्या संख्येच्या अडीच टक्के ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेत असे २०१९ चे नियम म्हणतात. न घेतल्यास पूर्वी कैदेची तरतूद होती, ती २०१४ च्या दुरुस्तीने काढली. दंड दरमहा, दर उमेदवारामागे पहिले तीन महिने ५०० आणि पुढे १,००० रुपये राहिला. विद्यावेतन देण्यापेक्षा दंड स्वस्त पडतो, हे कोणत्याही कारकुनाला कळेल. आणि सहा माणसांच्या सुतारखान्याला तर सक्ती लागूच नाही. कारखाना कायदाही तेथवर पोहोचत नाही. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा माणसांची मर्यादा होती, नव्या सुरक्षा संहितेत ती वीस झाली.

१९६१ च्या कायद्यात चांगल्या गोष्टी नाहीत असे समजू नका. उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसच्या योजनेत त्याला ओढता येत नाही, हे कलम १३ मध्ये स्पष्ट आहे. आरोग्य आणि सुरक्षिततेची कलमे त्याला कामगारासारखीच लागू आहेत. अपघात झाला तर कामगाराप्रमाणे भरपाई आहे. पण ही कलमे वापरायला लावणारा कोणी पाठीशी लागतो. नेमका तोच त्याला नाही, कारण तो 'कामगार नाही' म्हणून संघटनेच्या दारापाशीच आपणही त्याला थांबवतो.

वर्ष संपल्यावर काय, हा प्रश्न तर आपल्या लोकलखाली येऊन उभा राहिला. २० मार्च २०१८ ची सकाळ मुंबईच्या साथींना आठवत असेल. माटुंगा आणि दादरच्या मध्ये शेकडो शिकाऊ उमेदवार रुळावर बसले आणि मध्य रेल्वेची वाहतूक काही तास थांबली. रेल्वेत प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी खालच्या श्रेणीच्या भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांचे म्हणणे होते, की मर्यादा काढा, शिकवले आहे त्या सगळ्यांना घ्या. गाडीत अडकलेल्या लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, आणि आपल्यातल्याही काहींनी घातल्या. कायदा काय म्हणतो? कलम २२ प्रमाणे उमेदवाराला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते. २०१४ नंतर मालकाने त्याबाबत आपले धोरण ठरवावे इतकेच आले. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात जानेवारी १९९५ मध्ये सांगितले, की इतर गोष्टी सारख्या असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला बाहेरच्या उमेदवारापेक्षा अग्रक्रम द्यावा, वयात सवलत द्यावी, आणि रोजगार विनिमय केंद्रातून नाव येण्याची अट त्याला घालू नये. अग्रक्रम म्हणजे हक्क नव्हे, हे खरे. पण कारखान्यातल्या रिकाम्या जागा न भरता तेच काम शिकाऊ मुलांकडून करून घ्यायचे आणि वर्षअखेर प्रमाणपत्र देऊन दुसरी तुकडी बोलवायची, ही युक्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी त्या मुलांना निदान शिव्या तरी घालू नयेत. त्या मुलाच्या स्वस्त हातामुळे आपलीही मंजूर जागा जाते. हा आपल्या पोटाचाही प्रश्न आहे.

आता कामाचे बोलू. आपापल्या कारखान्यात, शाखेत परत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे शिकाऊ मुले किती आहेत याची मोजदाद. बहुतेक शाखा सचिवांना हा आकडा सांगता येणार नाही. विद्यावेतन कोणत्या तारखेला मिळते, मशीनवर पहिल्या दिवशी कोणी उभे केले, अपघाताची नोंद होते का, शिकवणारा माणूस नेमलेला आहे की मुलगा ज्याच्या-त्याच्या हाताखाली फिरतो, हे त्यांनाच विचारा. अपघाताची नोंद लगेच झाली नाही तर भरपाईचा दावा सिद्ध करणे अवघड जाते, म्हणून त्या दिवशी कोणीतरी जुना माणूस मुलाबरोबर कार्यालयात गेलाच पाहिजे. जुन्या सुतारांनी, निवृत्तांनीसुद्धा, आठवड्यातून एक तास द्यावा. आपल्याकडे अजून असे हात आहेत ज्यांना चूल-साल कापता येते. ते गेल्यावर हे ज्ञान रेल्वेतून कायमचे जाईल, आणि मग संग्रहालयातला डबा दुरुस्त करायला माणूस शोधत फिरावे लागेल.

कीर्तिनगरचे काम जरा वेगळे आहे. तेथे मुलाजवळ कागद नाही, हीच अडचण. पण हल्ली उस्ताद फोनवरून पैसे पाठवतो, त्याची नोंद मुलाच्या फोनमध्ये राहते. ती पुसू नये, एवढे सांगितले तरी पुष्कळ. सोबत एक साधी वही: तारीख, किती वाजता आलो, किती वाजता गेलो, काय काम केले, किती पैसे मिळाले. वेतन संहितेत कमी वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिने होती. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि मुलगा ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे ती संघटना त्याच्या वतीने दावा लावू शकते. म्हणजे त्याला एकट्याने उस्तादापुढे उभे राहावे लागत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण उस्ताद वाईटच असतो असे नाही. पुष्कळदा तोही दुकानदाराकडून नगावर काम घेणारा, उधारीत बुडालेला माणूस असतो, आणि ज्याने हातात रंधा दिला त्याच्याविरुद्ध तोंड उघडणे मुलाला जड जाते. आम्हाला एका मुलाने विचारले, दावा लावला तर चाचा काम शिकवणे बंद करील, मग? याला आमच्याजवळ कायद्याचे उत्तर नव्हते. म्हणून आधी उस्तादांशीच बोलायचे असे ठरले आहे. पैशाच्या आधी मशीनचे आच्छादन आणि तोंडावरचा चांगला मास्क यांपासून सुरुवात करायची, कारण त्या दोन गोष्टींवर उस्तादाचीही बोटे आणि उस्तादाचेही नाक गुंतलेले आहे.

बाजार बंद असतो त्या वाराला आमच्यातले काही जण कीर्तिनगर मेट्रो स्थानकाच्या खाली सकाळी दहाला जमणार आहेत. ज्यांची पाळी दुपारची असेल त्यांनी यावे. कोऱ्या वह्या संघटनेच्या कार्यालयातून मिळतील, त्यांच्या पहिल्या पानावर हिंदी आणि उर्दूत चार ओळी लिहायच्या आहेत. ज्यांचे हिंदी अक्षर चांगले आहे त्यांनी चहाच्या सुट्टीत नावे द्यावीत. उर्दू लिहिणारा एक साथी मिळाला आहे, आणखी एक हवा आहे.